साडीच्या पिशवीतली कॉमिक्स

पाणी, कसर, उंदीर, ऊन आणि पाहुण्यांची पोरं या पाच शत्रूंना एकाच वेळी धाकात ठेवणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली आहे, आणि ती म्हणजे माझी आत्या. वालूरच्या बाजारपेठेत तिचं घर आहे. घराच्या पुढच्या भागात किराणा दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी मामा गेले (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात) आणि दुकान बंद झालं. मागच्या खोलीत मात्र पत्र्याच्या पाच पेट्या अजून आहेत. इतर घरांत अशा पेट्यांमध्ये जरीची लुगडी, पितळेची भांडी, जमिनीचे कागद असतात. आत्याच्या पेट्यांत कॉमिक्स आहेत. मराठी आहेत, हिंदी आहेत, आणि ज्यांतलं अक्षरही तिला वाचता येत नाही अशी तेलुगूसुद्धा दोन आहेत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, डोळ्यांवर जाड चष्मा, अशी ही अडुसष्ट वर्षांची बाई गंभीरपणे सांगते, "तो तीन डोळ्यांचा हत्ती पयल्या भागात मरत न्हाई. लोकाला उगं वाटतंय." ऐकणाऱ्याला कुठल्या तरी पुराणातली कथा चालली आहे असं वाटतं आणि तो हात जोडतो.

हे वेड दुकानातच सुरू झालं. पुड्या बांधायला सेलूहून रद्दीचे गठ्ठे यायचे. आत्या नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मामांनी गूळ बांधायला कागद ओढला, तर त्यावरून तीन डोळ्यांचा हत्ती आत्याकडे टक लावून बघत होता. आत्यानं तो कागद मामांच्या हातातून काढून घेतला.

"ह्येच्यात गूळ बांधायचा?" ती म्हणाली.

"मंग कशात बांधू? शालूत?"

गिऱ्हाइकासमोर नव्या नवरीनं यापुढे काही बोलायचं नसतं. आत्या बोललीही नाही. तिनं फक्त अख्खा गठ्ठा उचलला आणि आत नेला. त्या दिवशी गिऱ्हाइकानं गूळ धोतराच्या सोग्यात बांधून नेला म्हणतात. पुढे नियमच झाला. रद्दी आधी आत्याच्या हाताखालून जायची आणि ती जे बाजूला काढील ते सोडून उरलेल्यात दुकान चालायचं. म्हणून आजही आत्या कॉमिक्सला त्यांच्या नावानं ओळखत नाही, ज्या मालाच्या तावडीतून सोडवलं त्याच्या नावानं ओळखते. "ती शेंगदाण्याची काढ," "त्या हळदीच्या शेजारी साबुदाण्याची ठीव," अशी तिची यादी आहे, आणि ती तिच्याशिवाय कुणालाही कळत नाही. मी परभणीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांचं वर्गीकरण करण्यात माझा जन्म गेला, पण 'जिऱ्याची थोरली' आणि 'जिऱ्याची धाकटी' यांतला फरक मला अजून उमगलेला नाही.

माझ्या ग्रंथपालपणाबद्दल आत्याचं मत चांगलं नाही. एकदा ती माझ्या ग्रंथालयात आली होती. मी मोठ्या हौसेनं एक जुना ग्रंथ काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उघडला, मागचा पुढचा शिक्का पाहिला, मग मधला पाहिला, मग आणखी चार पाहिले आणि ग्रंथ मिटून म्हणाली, "बापू, कोंडवाड्यातल्या जनावरालाबी एवढे शिक्के मारत न्हाईत रं." त्यानंतर ती पुन्हा तिकडे फिरकली नाही.

तिची स्वतःची पद्धत ऐकण्यासारखी आहे. साडी घेतली की दुकानदार ती पारदर्शक पिशवीत घालून देतो. ती पिशवी कॉमिक्ससाठीच जन्माला आली आहे असा आत्याचा सिद्धान्त आहे. पंचक्रोशीत कुठंही लग्न ठरलं की लोक बस्त्याला आत्याला आवर्जून नेतात, कारण तिला साड्यांतलं कळतं. आत्या जाते ती पिशव्यांसाठी. पिशवीत कॉमिक्सच्या पाठीशी शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा, कोपऱ्यात मलमलीच्या चिंधीत बांधलेल्या चार लवंगा, आणि मग कागद मध्ये धरून पिशवीच्या तोंडावरून इस्त्रीचा हलका हात, म्हणजे तोंड चिकटून बंद. पेटीच्या तळाशी कडुलिंबाचा वाळका पाला, वर लुगड्याचं धुतलेलं धडपं. लोखंडी पिना गंजतात म्हणून तिनं जवळजवळ प्रत्येक कॉमिक्सच्या पिना काढून मधोमध सुती दोऱ्यानं टाके घातले आहेत. टाके इतके नाजूक, की पान उलटताना बोटालाही लागत नाहीत.

आणि हे सगळं पाहायचं असेल तर आधी हात दाखवावे लागतात. दोन्ही. उलटे, सुलटे. मग रांजणाजवळ जाऊन धुवायचे, पुसायचे आणि वाळेपर्यंत ओसरीवर बसायचं. आमचे एक दूरचे पाहुणे, मोठे मास्तर, या परीक्षेतून पार पडले आणि पान उलटताना सवयीनं बोट जिभेला लावून बसले. आत्यानं त्यांच्या हातातून कॉमिक्स काढून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, थुकी लावून आकल मिळत आसती तर माशी पंडित झाली आसती." मास्तर नंतर माझ्याकडे तक्रार करत होते, पण बोट जिभेला लावणं त्यांनी सोडलं ते कायमचं.

गेल्या वर्षी आत्याला मोबाइलवर कॉमिक्स जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. तिनं आपल्या फोटोच्या जागी पेटीचा फोटो लावला आणि नावाच्या जागी नुसतं 'वालूर' लिहिलं. त्या गटात देशभरातली शिकलेली माणसं होती. कुणी विचारलं, अमुक भाग कुणाकडे आहे का, की 'वालूर'कडून दुसऱ्या मिनिटाला फोटो जायचा. दोन महिन्यांत 'वालूर भाई' हे नाव तिथं आदरानं घेतलं जाऊ लागलं. मग हैदराबादेत दोन दिवसांचा मेळावा ठरला आणि 'वालूर भाई'ला आमंत्रण आलं, की तुमचा संग्रह घेऊन या, तुमच्यासाठी एक टेबल राखून ठेवलं आहे.

आत्यानं मला फोन केला. "बापू, तुला सुट्टी हाय का?"

"कशाला?"

"पेटी धरायला."

वालूर ते सेलू या प्रवासाचं वर्णन मी कुणालाही पटवून देऊ शकत नाही. जीपमध्ये पेटी आम्हा दोघांच्या मांडीवर होती, वरून गोधडी गुंडाळलेली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आत्याला पाठ होता. खड्डा यायच्या आधी ती म्हणायची, "उचल," आणि आम्ही दोघं पेटी वीतभर हवेत धरायचो. जीप आदळायची, आमची हाडं आदळायची, पेटी मात्र हवेत शांत. पाच मैलांनंतर शेजारचे प्रवासीही आपोआप 'उचल'ला उचलू लागले. शेवटी ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "मावशी, पेटीत काय हाय? देव हाय का?"

"देवाला लागत न्हाई रं बाबा. ह्येला लागतंय. हळू घे."

रेल्वेत तिनं पेटी खिडकीच्या बाजूला ठेवली आणि आपण कडेला बसली. समोरच्या बाईनं लोणच्याची बरणी काढली तेव्हा आत्यानं इतक्या गोड आवाजात तिला डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जेवायला पटवलं, की ती बाई जाताना आमचे आभार मानून गेली. संध्याकाळी हैदराबादला उतरलो. रात्र आमच्या मठाच्या धर्मशाळेत काढली आणि सकाळी सभागृहात पोचलो.

तिथं पोचल्यावर पहिला घोटाळा झाला तो असा, की संयोजक बाई दारात हार घेऊन 'वालूर भाई'ची वाट पाहत उभ्या होत्या. आत्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्या बाजूला सरकून हिंदीत म्हणाल्या, "आजी, जरा बाजूला व्हा, एक पाहुणे यायचेत." आत्या शांतपणे म्हणाली, "मैंच वालूर." निजामाच्या काळापासून आमच्याकडे जी दखनी मुरली आहे, ती आत्या हैदराबादकरांइतकीच सफाईनं बोलते. संयोजक बाईंनी हार घातला, पण त्यांचं तोंड बराच वेळ उघडंच होतं.

आमच्या शेजारचं टेबल एका तिशीतल्या माणसाचं होतं. मूळचा लातूरकडचा, नोकरीला हैदराबादेत. हातात पांढरे मोजे, टेबलावर काचेसारख्या पारदर्शक परदेशी पेट्या, प्रत्येकीवर छापील चिठ्ठी. त्यानं आमची गोधडी सुटताना पाहिली, साडीच्या पिशव्या पाहिल्या, ओठ दाबून हसू आवरलं. मग त्याची नजर टाक्यांवर गेली आणि हसू एकदम नाहीसं झालं.

"आजी, पिना कुठायत?"

"काढल्या."

"काढल्या? अहो, खून केलात तुम्ही याचा! जसं छापलं तसंच ठेवायचं असतं!"

आत्यानं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुला लहानपणी टोचलं नव्हतं का रं दवाखान्यात? मंग तूबी जसा छापला तसा न्हाईसच की."

आजूबाजूचे लोक हसले. त्या मोजेवाल्याचं तोंड लाल झालं. त्यानं पाठ फिरवली आणि आपल्या पेट्या उघडून एकेक कॉमिक्स लोकांना दिसेल असं टेबलावर मांडायला लागला. बाकीच्यांचंही तेच चाललं होतं. ज्याच्याकडे जे दुर्मीळ, ते सगळ्यात पुढे आणि सगळ्यात उघडं. आत्यानं मात्र पिशव्या फोडायला साफ नकार दिला. लोक म्हणाले, आतून दाखवा. आत्या म्हणाली, मुखदर्शन घ्या. आमच्या टेबलापुढची गर्दी पांगली आणि मला खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. एवढा खड्ड्या-खड्ड्यांतून जपत आणलेला खजिना, आणि बघायला कुणी नाही.

दुपारचे बारा वाजले असतील. डोक्यावर छतालगत एक जाड नळ गेला होता. त्याच्या सांध्यातून आधी शिट्टीसारखा आवाज आला, आणि कुणी वर पाहायच्या आत तो सांधा उघडला. पाण्याचा असा लोट खाली आला की आमची सबंध रांग, सहा टेबलं, एका क्षणात त्याच्याखाली गेली. किंचाळ्या, धावपळ, खुर्च्यांचा खडखडाट. कुणीतरी पळत जाऊन नळाची चावी बंद केली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. साडीच्या पिशव्यांवरून पाणी कमळाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं. आत्यानं एकेक पिशवी पदरानं पुसली, आत पाहिलं. सगळं कोरडं. पेटीचं झाकण तर बंदच होतं. शेजारच्या टेबलावर मात्र काही बघवत नव्हतं. मोजेवाला हातात एक चिंब कॉमिक्स धरून नुसता उभा होता.

विजयाचा क्षण साजरा करायला याहून चांगली वेळ नव्हती. आत्यानं एका शब्दानंही तो साजरा केला नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं. एक जण ओली पानं सोलायला लागला होता, दुसऱ्यानं केस वाळवायचं यंत्र मागवलं होतं, आणि चार जण ओली कॉमिक्स छातीशी धरून बाहेर उन्हाकडे पळत होते. आत्या खुर्चीवर चढली. मी तिचा दंड धरला. आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यामागून भर बाजारात ऐकू जायचा तो आवाज सभागृहात घुमला.

"नक्को! धूप में नक्को! पन्ने नक्को खोलो! सब वापस आओ!"

सगळे थांबले. का थांबले कुणास ठाऊक. मला वाटतं, ज्याच्या त्याच्या घरी असा आवाज एकेकाळी असलेला असतोच.

मग पुढचे पाच तास त्या सभागृहात आत्याचं राज्य होतं. तिच्या दुकानाचं छत दर वर्षी गळायचं. ओल्या कागदाबद्दल तिला जे ठाऊक होतं ते छापील चिठ्ठीवर मिळणारं नव्हतं. तिनं आपल्या पिशवीतून दोन धुतलेली सुती लुगडी काढली आणि कोरड्या कोपऱ्यात जमिनीवर अंथरली. प्रत्येक कॉमिक्स दोन्ही तळहातांवर भाकरी न्यावी तसं आणून त्यावर ठेवायचं. वरून कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. संयोजक बाईंकडून कोऱ्या कागदांचे गठ्ठे मागवले. जी पानं आपण होऊन सुटतात तेवढ्यांतच कोरा कागद सरकवायचा. पंखे हळू. अर्ध्या तासानं कागद बदलायचे. मोठमोठ्या कंपन्यांत नोकऱ्या करणारी ती माणसं लुगड्याभोवती मांडी घालून बसली होती आणि आत्या मध्ये उभी राहून सांगत होती, "हां, हौले हौले. कुरडई उन्हात वाळतीय, कागद न्हाई." दखनी संपली की मराठी, मराठी संपली की नुसता हात. सगळ्यांना सगळं कळत होतं.

मोजेवाला तसाच उभा होता. आत्या त्याच्यापाशी गेली.

"आण हिकडं."

"पानं चिकटलीत," तो म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "माझ्याकडं लहानपणी हेच होतं. आईनं रद्दीत घातलं. अकरा वर्षं शोधत होतो, तेव्हा हे मिळालं."

"मंग रद्दीतूनच वाचतंय बघ सगळं. आदी ते मोजे काढ. वल्या मोज्याला कागद चिकटतो." तिनं ते कॉमिक्स आडवं ठेवलं. त्याचा कागद गुळगुळीत, चकचकीत होता. असा कागद ओला झाला की एकमेकांना धरून बसतो. आत्यानं घाई केली नाही. कडा टिपल्या, बाजूला बसली, पुन्हा टिपल्या. तो दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आजी, करू का वेगळं?" आणि ती म्हणायची, "दम धर. त्येला सुटायचंय, तू वढू नको." दीड तासानं मधलं पान कडेनं जरा उचललं गेलं. आत्यानं खाली कोरा कागद अगदी हळू सरकवला. पान सुटलं. चित्र शाबूत होतं, एक अक्षरही गेलं नव्हतं. त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसला.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ओल्या झालेल्या कॉमिक्सच्या पिनांनी संध्याकाळपर्यंत कागदावर तांबूस डाग धरायला सुरुवात केली. मोजेवाल्यानं ते पाहिलं, तो आत्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, टाका कसा घालायचा?"

संध्याकाळी दोन कॉमिक्स सोडून बाकी सगळी वाचली होती. ती दोन गेली म्हणून आत्या हळहळत होती. लोकांनी मात्र तिला उचलून मंचावर नेण्याचंच बाकी ठेवलं होतं. संयोजक बाईंनी तिला बोलायला सांगितलं. आत्या ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हाथां धुके हाथ लगाओ. बस." एवढं बोलून ती खाली उतरली आणि टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलापुढे दारापर्यंत रांग होती. प्रत्येक जण न सांगता हात धुऊन, पुसून, पुढे धरून येत होता. दोन-तीन जणांनी वह्या काढून पिशवीची कंपनी विचारली. आत्या म्हणाली, "सेलूची हाय. पर नुस्ती पिशवी देत न्हाईत, साडी घ्यावी लागती." त्या माणसांनी तेही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना मोजेवाला, आता बिनमोज्याचा, स्टेशनपर्यंत आला. पेटीचा एक कान त्यानं धरला होता. गाडी सुटताना त्यानं आपल्या संग्रहातलं एक कॉमिक्स खिडकीतून आत्याच्या हातात दिलं. आत्याकडे ते नव्हतं. ती त्याला "ये वालूरला" म्हणाली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.

नांदेड गेलं, पूर्णा गेलं. दुपार कलली होती. खिडकीपलीकडे कापसाची शेतं मागे पळत होती. आत्यानं हात धुतले, दस्तीच्या रुमालाला कोरडे केले, नवं कॉमिक्स मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी चकित झालो. तिला वाचताना मी कधी ऐकलंच नव्हतं. राजाचा आवाज खर्जातला, माकडाचा नाकातला, राणीचा अगदी आत्याच्या नणंदेसारखा. समोरचे प्रवासी बोलायचे थांबले. एक म्हातारा वरच्या बाकावरून मान खाली घालून ऐकू लागला.

पानाच्या शेवटी मात्र ती थांबायची. चित्र बघत असेल असं मला आधी वाटलं. पण दुसऱ्या पानालाही थांबली, तिसऱ्यालाही. बोट पानाच्या कोपऱ्यावर असायचं, आणि पान उलटायचं नाही.

"काय झालं, आत्या? चष्मा पुसू का?"

"न्हाई रं." तिनं बोट काढलं नाही. "दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वाचायची. तुझ्या मामाला वाचता येत नव्हतं. तराजूजवळ बसून ऐकायचे. पान संपलं की 'मंग?' म्हणायचे. मंग मी उलटायची. ती सवय हाताला लागलीय."

"आता पेटीतली वाचत नाहीस?"

"बघते," आत्या म्हणाली. "सहा वर्षांत वाचली न्हाईत. आज कशी काय सुरवात केली कुनास ठाऊक."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. कॉमिक्समधला राजा दरवाजा उघडून उभा होता आणि आत काय आहे ते पुढच्या पानावर होतं. मी म्हणालो.

"मंग?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर नीट बसवला आणि पान उलटलं.